बोंडासुराचा शेवट

आमच्या घरात वास घेतल्याशिवाय कुणी काही तोंडात घालत नसे. माय भाकरी थापायच्या आधी पिठाचा डबा नाकाशी धरायची. आंबाडीची भाजी धुऊन चिरायची आणि चिरल्यावर पुन्हा तिचा वास घ्यायची. माठातलं पाणी पेल्यात काढून आधी हुंगायची, मग आम्हाला द्यायची. शाळेतून आले की माझे केस, माझी ओढणी, माझे तळहात, सगळ्यांची तपासणी व्हायची आणि ती पाहुण्यांसमोर झाली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "काय वं माय, कुत्र्यावानी काय हुंगून राह्यली?" असं मी एकदा तोंड वर करून विचारलं, तर तिनं माझा दुसरा हातही हुंगायला ओढून घेतला. बाबा ट्रकवर ड्रायव्हर, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर महिन्यातले कितीतरी दिवस बाहेर. ते आले की घरभर डिझेलचा वास सुटायचा, तो मात्र तिला चालायचा. ही सवय तिला कधी लागली ते सांगायचं तर आनंदमामाचं आणि बोंडासुराचं सांगावं लागतं.

आनंदमामा मायचा धाकटा भाऊ. तिच्या लग्नात पाठराखणीला आला तो परत गेलाच नाही, असं बाबा चिडवायचे. आईबाप लवकर गेल्यामुळे मायनंच त्याला वाढवलं होतं, आणि मिसरूड फुटल्यावरही तो 'ताई, ताई' करत तिच्या मागंपुढं असायचा. कामाला वाघ होता, पण कामापेक्षा सोंगाचा नाद जास्त. सरपंच कसा खाकरतो, पांढरकवड्याच्या बसचा कंडक्टर कसा दोरी ओढतो, बाबा उतारावर गाडी कशी सोडतात, हे तो जेवता जेवता करून दाखवायचा आणि आम्हा पोरांच्या नाकातून वरण यायचं. भीमजयंतीला गावात नाटक बसायचं. त्यातला दुष्ट माणूस कुणीही असो, काम मामाकडेच यायचं, कारण त्याच्याइतकं मनापासून मरणं कुणाला जमत नसे. मरताना तो दोन्ही हात लांब पसरून धाडकन पडायचा. बाया पदराआड डोळे टिपायच्या, आणि पडदा पडला की तोच उठून चहा मागायचा.

ती सगळी अळीची वर्षं होती. बोंडात अळी, बोलण्यात अळी, पेपरात अळी. कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागली की गावात पाठीवरच्या फवारणीच्या पंपांचा आवाज सुरू व्हायचा तो दिवस मावळेपर्यंत. पांढरकवड्याचा बबलूभाऊ लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचा. भादव्यात त्याचा कॅमेरा रिकामा पडून असायचा, आणि रिकाम्या कॅमेऱ्यानं त्याच्या डोक्यात भलतंच घातलं. ज्या अळीनं सगळ्यांची झोप उडवली तिचाच सिनेमा काढायचा, असं त्यानं ठरवलं. गोष्ट अशी, की एक अळी औषध पिऊन पिऊन मरायच्या ऐवजी वाढतच जाते, माणसाएवढी होते, मग माणसापेक्षा मोठी होते. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी खाते, बैलं खाते, आणि शेवटी गावावर येते. तिचं नाव बोंडासुर. शेवटी नायक पाठीला पंप बांधून तिला मारतो. नायक व्हायला सरपंचाचा मुलगा प्रशांत तयारच होता. राक्षस कोण होणार, हे विचारायची गरजच पडली नाही.

बोंडासुराचा अंगरखा आमच्या ओसरीवर तयार झाला. जुन्या गाद्यांचा फोम, पोत्यांचं तरट, आणि त्यावर सरसानं चिकटवलेला कापूस. डोक्याला टोपली, आणि डोळ्यांच्या जागी बाबांच्या ट्रकचे मागचे दोन लाल रिफ्लेक्टर. चेन लावायची सोय नव्हती, म्हणून मामा आत शिरला की माय पाठीमागून दाभण आणि सुतळीनं त्याला शिवून टाकायची आणि संध्याकाळी उसवायची. शिवताना बडबडायची, "कायले पाह्यजेन तुले हे नसते धंदे? घाम पाह्य किती येऊन राह्यला." आतून मामाचा आवाज यायचा, "ताई, सुई जपून! राक्षसाले बी टोचते न."

मला त्या राक्षसाची भीती वाटायची. आत मामा आहे हे मला माहीत होतं, दोन मिनिटांपूर्वी त्यानं माझ्या हातची भाकर खाल्लेली असायची, तरी तो पऱ्हाटीच्या ओळीतून वाकत वाकत निघाला आणि ते लाल डोळे उन्हात चमकले, की मी बांधावर मागं सरकायची. तेव्हा मी हाक मारायची, "मामा!" आणि तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणायचा, "काय वं सुमे, पाणी आण." तेवढं ऐकलं की माझा जीव खाली यायचा. शूटिंग चाललं तेवढे दिवस मी शाळा बुडवून बांधावर बसले, आणि किती वेळा उगाचच हाक मारली ते मलाच ठाऊक नाही.

शेवटचा सीन होता त्या दिवशी सगळं गाव बांधावर आलं होतं. ऊन असं, की मातीतून वाफ यायची. शेजारच्या वावरात निंदण चालू होतं, तिथं माय विळा घेऊन बसली होती. सीन लागतो म्हटल्यावर तीही उठून बायांच्या घोळक्यात आली. प्रशांतनं पंप जवळच्याच शेतातून मागून आणला होता. त्यात दूध घातलेलं पांढरं पाणी भरायचं ठरलं होतं, पडद्यावर औषधासारखं दिसावं म्हणून. ते भरलंही होतं. पण पंपाच्या तळाशी सकाळचं उरलेलं औषध होतं, आणि ते ओतून न टाकता त्यावरच पाणी ओतलं गेलं. यात कुणाच्या मनात काळं नव्हतं. उरलेलं औषध फेकून द्यायची आमच्याकडे रीतच नव्हती, पंपात थोडं असायचंच. आणि वास? त्या दिवसांत सगळ्या गावालाच तो वास यायचा. धोतराला, गोधडीला, बैलाच्या मानेला. वास आला म्हणून थांबावं, असं कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

बबलूभाऊनं कॅमेरा तिपाईवर ठेवला आणि हात वर केला. प्रशांत ओरडत धावत आला आणि त्यानं नळी रोखून राक्षसावर फवारा धरला. तोंडावर, छातीवर, पोटावर. वाळलेला कापूस ते सगळं पीत गेला. बबलूभाऊ 'अजून मार, अजून!' म्हणत होता. मामा डोलला, गुडघ्यावर आला, मग आडवा झाला आणि तडफडू लागला. लोकांनी टाळ्या पिटल्या. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "अबे, आनंद्यानं तं आज जीवच ओतला!" आणि पुन्हा हसण्याचा लोट उठला. मीही पाहत होते. टोपलीच्या भोकातून फेस येताना दिसला तेव्हा मला वाटलं, हे साबणाचं काहीतरी बबलूभाऊनं केलेलं असणार. मग सवयीप्रमाणे मी हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. मी पुन्हा ओरडले, "मामा!" तरी नाही. त्या न आलेल्या उत्तराची भीती मी पुढं आयुष्यात बऱ्याच प्रसंगी ओळखली, पण पहिल्यांदा ती मला त्या बांधावर भेटली.

मग माय दिसली. लुगड्याचा काष्टा खोचलेला, हातात विळा. ती राक्षसाच्या अंगावर पडली आणि तिनं सुतळी, तरट, फोम, जे हाताला येईल ते कापायला सुरुवात केली. लोकांना वाटलं हेही सिनेमातलंच. टोपली निघाली आणि मामाचा चेहरा बाहेर आला तेव्हा कुठं हसणं बंद झालं. त्याच्या तोंडाभोवती फेस होता. डोळे उघडे होते, पण बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता, आणि तो आमच्याकडे बघत असूनही आम्हाला पाहत नव्हता. मायनं त्याच्या अंगावरचा ओला कापूस ओरबाडून फेकला. बांधाशी निळा ड्रम भरून ठेवलेला होता. ती बादली घेऊन तिथं धावली, बादली बुडवणार, आणि थांबली. त्या ड्रममध्ये पाणी होतं की फवारणीचं कालवलेलं औषध, हे नुसतं बघून कळत नव्हतं. तिनं ओणवं होऊन वास घेतला. वास सगळीकडेच येत होता. मग तिनं बादली तिथंच टाकली आणि मामाच्या काखेत हात घालून त्याला नाल्याकडे ओढत नेलं. तेव्हा बाकीची माणसं भानावर येऊन धावली.

पांढरकवड्यापर्यंत काळी-पिवळी जीप, आणि तिथून यवतमाळ. जीपमध्ये मामाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या गालाखालची कातडी आपोआप फुरफुरत होती, आतून कुणीतरी चिमटे काढत असल्यासारखी. माय त्याच्या छातीवर हात ठेवून एकच बोलत होती, "श्वास घे आनंदा. घे. आणखी एक घे." तो घेत होता. मधेच थांबला की जीपमधले आम्ही सगळेच श्वास धरून बसायचो. दवाखान्यात त्याला सुयांवर सुया टोचल्या, नाकात नळी घातली, आणि तो तिथं बरेच दिवस पडून होता. वाचला. उजवा हात मात्र तेव्हापासून थरथरायचा तो कायमचा. सुट्टी देताना तिथल्या एका डॉक्टरांनी सहज म्हटलं, की थोडं आधी हे सगळं अंगावरून निघालं असतं तर त्रास कमी झाला असता. त्यांनी ते सहजच म्हटलं होतं. माय मात्र ते घेऊन घरी आली.

"मी बी हासत होती सगळ्यायसंग," असं ती त्या दिवसापासून म्हणू लागली. "माह्या भाऊ मरून राह्यला होता अन् मी हासत उभी होती. माह्यं तोंड उघडं होतं, मले याद हाय." मामा तिला समजवायचा, बाबा समजवायचे, काही उपयोग होत नसे. दर साली फवारणीचे पंप सुरू झाले की ती जेवण सोडायची. मीच त्याला शिवला, आणि मीच हासत उभी राहिले, हे दोन खिळे तिच्या डोक्यात बसले ते बसलेच. हुंगायची सवय तेव्हापासूनची. चूक नव्हती ती तिची, हे मी आज सहज लिहिते आहे. त्या वेळी मला ते नक्की माहीत नव्हतं, कारण मी तिच्याकडे पाहतच नव्हते, मी राक्षसाकडे पाहत होते.

सिनेमा पुरा झाला, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. त्या धांदलीत तिपाईवरचा कॅमेरा बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. अंगरखा फाटून गेला, दुसरा करायची ताकद राहिली नव्हती, म्हणून बबलूभाऊनं जे आपोआप टिपलं गेलं तोच शेवट ठेवला. मामाला विचारून ठेवला. मामा म्हणाला, राहू दे. मायला कळलं तेव्हा तिनं बबलूभाऊला दारातून परत पाठवलं आणि तो सिनेमा या घरात कुणी पाहायचा नाही, असं बजावलं. कुणी पाहिलाही नाही. पण बाकीच्या मुलखानं पाहिला. त्याच्या सीड्या निघाल्या, सीड्यांवरून सीड्या निघाल्या, बाजारात पोत्यावर मांडून विकल्या गेल्या, हायवेवरच्या ढाब्यांवर लागल्या. ट्रकवाले त्या आदिलाबादकडे घेऊन गेले आणि नागपूरकडेही. बाबा कधीतरी हळूच मला सांगायचे, "आज बी लागला होता. पोट्टे टेबलावर चढून पाहून राह्यले होते." माय घरात नसेल तेव्हाच सांगायचे.

पुढं मी कॉलेजसाठी यवतमाळला आले. बसस्टँडच्या मागे एक सायबर कॅफे होतं. बाहेर चपला काढायच्या, आत प्लायवुडच्या खोक्यात बसायचं. निकाल पाहायला म्हणून गेले होते, निकाल लागला नव्हता. वेळ उरला होता म्हणून गंमत म्हणून इंग्रजी अक्षरांत 'बोंडासुर' टाकलं. वाटलं होतं काही येणार नाही. समोर त्या सिनेमाचं एक अख्खं घरच उघडलं, आर्काइव्ह म्हणायचे ते त्या वेबसाइटला. कुठकुठली पोरं तिथं जमलेली. पुण्याची, नांदेडची, एक तर पार परदेशातला. लहानपणी जत्रेत नाहीतर ढाब्यावर त्यांनी तो सिनेमा पाहिला होता आणि तो हरवू द्यायचा नाही, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. प्रत्येकाची सीडी घासलेली. एकाची जिथं अडकायची तिथं दुसऱ्याची चालायची, म्हणून ते एकमेकांचे तुकडे जोडून सिनेमा पुरा करत होते. त्यांचा म्होरक्या स्वतःला अळीमित्र म्हणवायचा. तो रोज लिहायचा, की जिनिंगवाला सीन मिळाला, बैलवाल्या सीनचा फक्त आवाज हवा आहे, कुणाकडे असेल तर चढवा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. माझ्या मामाला एवढी माणसं शोधत होती आणि मामाला त्याचा पत्ता नव्हता.

त्यांच्याकडे एकच गोष्ट नव्हती, शेवट. सिनेमा एका सीडीत मावत नसे म्हणून कॉपी करणारे शेवटचा भाग कापून टाकायचे. त्यामुळे बोंडासुर मरतो की नाही यावर तिथं हमरीतुमरी चालायची. मी वाचायची आणि गप्प बसायची. शेवट न मिळो, असंच मला वाटायचं. पण मिळाला. बबलूभाऊनं मूळ कॅसेट पुसून तिच्यावर कुणाचं तरी लग्न टिपलं होतं, आणि लग्न कॅसेटपेक्षा लहान निघालं. ज्यांचं लग्न होतं त्या आदिलाबादकडच्या घरी कॅसेटमधली पंगत संपल्यावर अचानक आमचं वावर सुरू झालं होतं, आणि त्या घरातल्या कुणीतरी ते आर्काइव्हवर चढवलं. त्या दिवशी मी पान उघडलं तर सगळीकडे जल्लोष. व्हिडिओवर बोट नेलं आणि दाबायची हिंमत झाली नाही. खाली वाचत गेले. खाली एकानं लिहिलं होतं, की राक्षसाचं काम करणारा नट या सीननंतर मेला, आपल्याकडे पक्की खबर आहे. त्याखाली लोकांनी फुलं ठेवली होती, चित्रातली. कुणी लिहिलं होतं, मोठा कलाकार गेला.

हे खोटं होतं हे मला कळत होतं. दवाखान्यातून तो माझ्यासमोर घरी आला होता. पण त्या साली मामा आदिलाबादच्या पुढं एका ढाब्यावर भट्टीवर कामाला गेला होता, आणि पोळ्यापासून त्याची काहीच खबर नव्हती. पक्की खबर, असं त्या माणसानं लिहिलं होतं. मला एकदम वाटलं, की यांना काहीतरी कळलंय जे आम्हाला कळलेलं नाही, फक्त कधीचं आणि कुठलं हे त्यांनी चुकीचं लिहिलंय. गावात शेजाऱ्यांकडे फोन होता, तो लागेना. मी खोलीवर न जाता सरळ पांढरकवड्याची बस पकडली. दुपारची गाडी, खिडकीला कापूस भरलेल्या गाड्या, आणि मी मनातल्या मनात मामाला हाका मारत होते. मधे एका फाट्यावर गाडी बंद पडली. सगळे उतरून रसवंतीवर गेले, मी एकटी आत बसून राहिले, जणू मी खाली उतरले तर काहीतरी वाईट व्हायचं ठरेल. माणूस घाबरला की काय वाटेल ते मानतो.

घराचं दार लोटलेलं होतं. आमचं दार दिवसा कधी लोटलेलं नसायचं. मी ते ढकललं तर आत खाटेवर कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेऊन पडलं होतं. पाय मामाचे होते. ते हलत नव्हते. मी किंचाळून पांघरूण ओढलं आणि मामा ताडकन उठून बसला. "काय झालं वं? काहून बोंबलून राह्यली?" म्हणाला. तो सकाळीच आला होता, रात्रभर ट्रकमध्ये झोप झाली नव्हती. माय परसदारातून धावत आली, हात राखेनं भरलेले. मी रडायला लागले आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं. आर्काइव्ह, शेवट, फुलं, सगळं.

मामाला हसू आवरेना. "माह्यावर फुलं टाकली? कोणती टाकली?" माय हसली नाही. तिनं हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "काढून टाकायले सांग त्यायले. सगळ्या दुनियेनं पाह्यलं मले हासताना?" मी म्हटलं, सांगते. "तू नाही," माय म्हणाली. "मीच येतो तुह्यासंग. मी सांगतो." त्या रात्री तिनं भाकर खाल्ली नाही. सकाळी मामा नवा शर्ट घालून तयार. तीही निघाली, आणि मी त्या दोघांना घेऊन यवतमाळला आले.

कॅफेच्या खोक्यात तिघं मावत नव्हतो. मी खुर्चीवर, मामा माझ्या खांद्याशी, माय मागे प्लायवुडला पाठ लावून. मालकानं एकाच माणसाचं बसणं असतं म्हणून कुरकुर केली, पण मायनं त्याच्याकडे पाहिल्यावर परत आपल्या जागी जाऊन बसला. मी दाबलं. चित्र काडेपेटीएवढं, आणि मधेच अडायचं. आधी कुणाची तरी पंगत, बुंदी वाढणारी माणसं. मग एकदम ऊन, पऱ्हाटी, आणि बोंडासुर. माय पदर तोंडात धरून होती. फवारा सुरू झाला, तो डोलला, पडला. कोपऱ्यात लोक दिसायला लागले, हसणारे. मामाचा थरथरणारा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, खुर्चीही थरथरत होती.

"हे मी," माय म्हणाली.

ती बायांच्या घोळक्यात उभी होती, विळा हातात. राक्षस पडला आणि बाया हसल्या. ती हसली नाही. तिचं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी तिनं काष्टा खोचला. बबलूभाऊचा आवाज 'अजून, अजून' म्हणत होता, टाळ्या चालू होत्या, मी मामाला हाक मारायच्याही आधी ती चित्राच्या कडेनं धावत सुटली होती. तिचं तोंड उघडं होतं, हे तिला बरोबर आठवत होतं. ती हसत नव्हती. ती ओरडत होती, आणि त्या गोंगाटात तिचं ओरडणं कुणालाच ऐकू गेलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. मी लावलं. पुन्हा म्हणाली. मी पुन्हा लावलं. मालकानं टाइम संपला म्हणून सांगितलं तेव्हा मामानंच त्याला सांगितलं, "थांब न बे जरा." चौथ्यांदा की पाचव्यांदा मायनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा मरते तवा हात पसरते. नाटकात दरसाल पसरते. त्या दिवशी त्यानं हात पोटाशी धरले होते. म्हणून मी धावली." मग म्हणाली, "धावली होती वं मी." मामा म्हणाला, "मंग मी काय म्हणून राह्यलो इतके दिवस?" आणि त्याचं नाक वाहायला लागलं, ते त्यानं नव्या शर्टाच्या बाहीला पुसलं. मीही रडत होते. तिघांनाही रुमाल नव्हता.

काढून टाकायचं कुणीच बोललं नाही. मी खालचं वाचायला लागले. तिथं पोरांनी मायला 'विळावाली' असं नाव दिलं होतं. ती कोण, कुठून आली, देवी आहे का, यावर पानंच्या पानं भरली होती. अळीमित्रानं विचारलं होतं, की हिनंच राक्षसाला मारलं, तर मारल्यावर ही त्याच्या तोंडावरून हात फिरवून का रडते? मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. माय चिडली. "मारलं? कोणं मारलं? ल्ही त्यायले. तो माह्या भाऊ होय. आतमधून काढला मी त्याले." मामा म्हणाला, "अन् मी मेलो नाही, हे बी ल्ही." मी दोन्ही जसंच्या तसं लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, आणि वेळ संपला म्हणून उठलो.

पुढच्या वेळी गेले तर सिनेमाच्या पानावर वरची गोष्ट बदललेली होती. पोरांनी मायचं म्हणणं खरं धरून तोच सिनेमाचा शेवट म्हणून लिहून टाकला होता. मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं होता. हायवेला त्यानं पानठेला टाकला, थरथरत्या हातानं चुना लावायचा आणि ओळखीच्या ट्रकवाल्यांना बोंडासुराची चाल करून दाखवायचा. मग तो गेला, साध्या तापानं गेला. त्याचा हलता-बोलता चेहरा आमच्याकडे दुसरीकडे कुठंच नाही, त्या शेवटात आहे, तोही टोपली निघाल्यावर जरासा. मला अजूनही तो पाहताना धडकी भरते आणि मी बहुतेक वेळा पाहत नाही. मायला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण ती अधूनमधून माझ्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणते, त्या पोरायनं काय ल्हिलं ते सांग. मग मी पान उघडते आणि तिला म्हणून दाखवते. शेवटी एक बाई विळा घेऊन धावत येते. बोंडासुराच्या आत माणूस असतो, तो तिचा भाऊ असतो. ती त्याला मारत नाही, बाहेर काढते. तो जगतो.